पोकळ चिठ्ठ्या

"पोकळ चिठ्ठ्याही वाचत जा हं, चिगुसा-सान," कुरामित्सु म्हणाले होते, आणि चिगुसाने ते कानाआड केलं होतं.

ऐकू आलं नव्हतं असं नाही. वस्तीतल्या सभागृहाच्या पायरीवर दोघं उभे होते, तिच्या कडेवर दोन वर्षांची फुमी आपलं वाहतं नाक तिच्या खांद्याला पुसत होती, आणि कुरामित्सु एकेक वस्तू तिच्या हाती देत होते. तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, फाशांची कापडी पिशवी, आणि एक पितळी घंटा. अकरा वर्षं त्यांनी चालवलेला खेळ आता चिगुसा चालवणार होती. ते शाळेतून निवृत्त झाले होते आणि लेकीकडे क्यूशूला राहायला निघाले होते. ती "हो, वाचीन की" म्हणाली आणि मनात म्हणाली, म्हातारं माणूस आहे, निघता निघता पाणी कसं उकळायचं तेही सांगेल.

खेळ तसा बोलण्याचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि सूत्रधार सांगेल त्या जगात त्या सोंगासारखं वागायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. सुरुवातीला प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्याची पुढची बाजू सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, मागची बाजू मात्र फक्त आपली आणि सूत्रधाराची. सगळी गंमत त्या मागच्या बाजूत असते आणि सूत्रधाराची सगळी डोकेदुखीही तिथेच. समजा एखाद्याला गुपचूप काही करायचं आहे, कुणाचं सामान उचकायचं आहे. तो सूत्रधाराला बाजूला घेऊन गेला की उरलेल्यांचे कान टवकारतात. चिठ्ठी लिहायला लागला की सगळे त्याच्या पेन्सिलीकडे बघतात. गुपित काय ते कळत नाही, पण गुपित आहे हे कळतं, आणि अर्धा खेळ तिथेच बसतो.

यावर कुरामित्सुंनी काढलेला तोडगा असा होता. ते घंटा वाजवत. घंटा वाजली की सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. ज्याला खरंच काही गुपचूप करायचं आहे त्याने चिठ्ठीच्या डोक्यावर एक वर्तुळ काढून लिहायचं. ज्याच्याकडे काही नाही त्यानेही हात थांबवायचा नाही, काहीबाही लिहीत राहायचं. सकाळी काय खाल्लं, काल कुणाशी भांडण झालं, काहीही. सगळ्या घड्या सारख्या, सगळ्यांना उत्तर, आणि संध्याकाळी सगळे कागद डब्यात. वर्तुळ नसलेल्या चिठ्ठीला ते पोकळ चिठ्ठी म्हणत.

चिगुसाने दोन महिने तसंच केलं. मग तिच्या लक्षात आलं की उत्तरं लिहिण्यात दुपार जाते. महिन्यातला दुसरा रविवार, एक ते पाच, एवढाच तिचा स्वतःचा वेळ. त्यातही ती दर तासाला जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन करायची, फुमी खोकली का, दार लावलंय ना, द्राक्षं उभी चिरून दे. म्हणून तिने कागदांच्या दुकानातून शाळेतल्या बाई वापरतात तसा एक शिक्का आणला. गुलाबी शाई, हसरं अस्वल, खाली अक्षरं: "पाहिलं". चिठ्ठी उघडायची, डोक्यावर वर्तुळ नसलं की अस्वल उठवायचं, घडी घालून परत. अर्ध्या मिनिटात चार चिठ्ठ्या. कमाबोकोच्या, म्हणजे माशांच्या वड्यांच्या, कारखान्यात काम करणारे ओदागिरी म्हणाले, "आमच्या पॅकिंगला या, तुमच्यासारखी माणसं हवीत," आणि चिगुसाला ते कौतुकच वाटलं.

टेबलाभोवती चार खेळाडू होते. ओदागिरी, ग्रंथालयातली शिराकावा, शिराकावाचा अबोल नवरा, आणि मिनोरी. मिनोरी अठ्ठावीस वर्षांची. मे महिन्यात तिला मुलगा झाला होता, तोमा. नवरा केंगो बदलीमुळे नागोयाला, आणि ती सासूबरोबर नदीपलीकडच्या घरात. ऑगस्टमध्ये ती पुन्हा खेळायला येऊ लागली तेव्हा चिगुसाने नवं कथानक सुरू केलं: बर्फाने वाट बंद झालेली डोंगरातली एक सराय आणि तिथे अडकलेले चार प्रवासी. मिनोरीला तिने औषधविक्याचं कार्ड दिलं. आपल्या तोयामा भागात हे सोंग कुणाला समजावून द्यावं लागत नाही. आजीच्या कपाटावर औषधाचा डबा सगळ्यांनीच पाहिलेला असतो. विक्या वर्षातून एकदा यायचा, कुठल्या किती पुड्या संपल्या ते मोजायचा, गप्पा मारायचा, डबा भरून पुढच्या घरी. कार्डाच्या मागे चिगुसाने लिहिलं होतं: *पुड्या मोजून तुला कळतं कुणाच्या घरात काय दुखतंय. या सरायवाल्याच्या डब्यातल्या झोपेच्या पुड्या सगळ्या संपल्या आहेत. तू हे कुणालाही सांगितलेलं नाहीस.*

मिनोरीने त्याचं नाव गोरोकु ठेवलं आणि त्याला असा काही उभा केला की बघत राहावं. गुडघे धरून बसणारा, प्रत्येक वाक्याला म्हण जोडणारा, लांडग्यालाही पोटदुखीची पुडी विकायला निघालेला बडबड्या म्हातारा. शिराकावाचा अबोल नवरासुद्धा हसून हसून डोळे पुसायचा. चिगुसाला तिचा थोडा हेवाच वाटे. घरात तान्हं मूल, नवरा परगावी, आणि ही बाई एकदाही फोन करायला जिन्यात जात नाही.

फेब्रुवारीत खेळाचा शेवट होणार होता. त्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळी मिनोरीचा निरोप आला. यापुढे जमणार नाही, काही कामं आली आहेत, गोरोकुला बर्फात कुठेतरी हरवून टाका, तो रागावणार नाही. शेवटी वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र.

चिगुसा आधी चिडली. खोटं कशाला बोला. सहा महिने विणलेल्या गोष्टीची गाठ गोरोकुच्या पुड्यांत होती. तो गेला की सरायवाल्याची झोप कुणी चोरली हे कुणालाच कळणार नव्हतं. तिने ओदागिरींना फोन केला. गोरोकुला मी सांभाळतो, म्हणाले, फक्त त्याला काय काय माहीत आहे ते मला लिहून द्या. तशी पद्धतच होती. खेळाडू मधेच गेला तर सूत्रधाराने त्याच्या वर्तुळाच्या चिठ्ठ्या काढून नव्या माणसाला सार द्यायचं.

फुमी पाळणाघरात होती. चिगुसाने डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला. मिनोरीच्या चिठ्ठ्या शोधणं सोपं होतं, ती हिरव्या पेन्सिलीने लिहायची. वर्तुळाच्या सात निघाल्या. पण जानेवारीत गोरोकुने सरायवाल्याला एक पुडी दिली होती, तिचा उल्लेख त्यांत कुठेच नव्हता. वर्तुळ काढायला विसरली असेल, असं म्हणून चिगुसाने पहिल्यांदा तिच्या पोकळ चिठ्ठ्या पुढे ओढल्या.

ऑगस्टमधली पहिली: *सकाळी थंड नूडल्स. तोमाचा पाय लागून वाटी पालथी झाली. मी पुसलं, मग खाल्लं, त्याच क्रमाने.* खाली गुलाबी अस्वल. पाहिलं. चिगुसा हसली.

सप्टेंबर: *आज केस धुतले. बातमी एवढीच.* अस्वल.

ऑक्टोबर: *सकाळी काही नाही. झोप दीड तास, मग चाळीस मिनिटं. मनःस्थिती: बरी.*

इथे चिगुसा थांबली. हे तिला ओळखीचं वाटलं, आणि कशामुळे ते लगेच कळलंही. पाळणाघराची वही. रोज संध्याकाळी फुमीच्या पिशवीतून ती वही काढून चिगुसा ओळ न् ओळ वाचायची: जेवण अर्धं, झोप पन्नास मिनिटं, ताप नाही, मनःस्थिती चांगली. "अर्धं" म्हणजे भात उरला की भाजी, हे विचारायला ती दोनदा परत गेली होती. मिनोरीने तशीच वही लिहिली होती, फक्त ती मुलाची नव्हती.

नोव्हेंबर: *केंगो फोनवर म्हणाला, आवाज छान येतोय तुझा. मी म्हटलं, हो ना.*

डिसेंबर: *कपडे वाळत घालायला गच्चीत गेले. तोमा आत रडत होता. कपडे संपले तरी उभीच राहिले. घड्याळात पंचवीस मिनिटं.*

जानेवारी, शेवटच्या घंटेची: *त्याला आंघोळ घालायची भीती वाटते. माझ्या हातांची.*

त्या ओळीखाली अस्वल जरा तिरकं उठलं होतं. घाईत. हसरं, गुलाबी. पाहिलं.

चिगुसा उठली आणि नळ सोडून उगाच हात धुवू लागली. फुमी रात्री कुशीवर वळली तरी तिला जाग यायची. सगळे म्हणायचे, डोळ्यांत तेल घालून सांभाळते पोरीला. आणि समोर दोन हातांवर बसलेली बाई सहा महिने लिहीत होती, आणि हिने तिला शिक्के मारले होते.

तिचं पहिलं मन म्हणालं, केंगोला नागोयात फोन करावा. दुसरं म्हणालं, त्याच्या सासूला, म्हणजे मिनोरीच्या सासूला. नावंसुद्धा नीट जुळेनात. आणि मग तिला सूत्रधाराचा नियम आठवला, जो तिने स्वतः दर नव्या खेळाडूला ऐकवला होता: माझ्याकडे आलेली चिठ्ठी माझ्याकडेच राहते. या भरवशावरच लोक लिहितात. तो मोडला तर टेबलच मोडलं.

तिने क्यूशूला फोन लावला. कुरामित्सुंनी सगळं ऐकून घेतलं. मागे त्यांच्या नातवंडांचा दंगा चालू होता.

"तुम्ही वाचत होता ना सगळ्या," ती म्हणाली. "म्हणून मला सांगितलंत."

"अगं, मी काही शहाणपणाने वाचत नव्हतो. बायको गेल्यावर रात्री एकटं जेवायचा कंटाळा यायचा. डबा समोर ठेवायचो, जेवता जेवता वाचायचो. ओदागिरींनी त्यांच्या बॉसला घातलेल्या शिव्या वाचल्या आहेस का? मोठा माणूस आहे तो." मग त्यांचा आवाज उतरला. "वाचता वाचता कळतं ग. एकदा शिराकावाच्या नवऱ्याची नोकरी गेली होती, घरी माहीत नव्हतं. पोकळ चिठ्ठीत लिहिलं होतं त्याने."

"मग तुम्ही काय केलंत? शिराकावाला सांगितलंत?"

"छे. ते त्याचं होतं. पुढच्या वेळी दोघांना एका खोलीत अडकवलं, सोंगांना म्हणतोय मी, आणि मी चहा आणायला खाली गेलो. बराच वेळ गेलो."

चिगुसाने विचारलं, आता मिनोरीला फोन करू का.

"फोनवर ती गोरोकु होईल," कुरामित्सु म्हणाले. "जाऊन ये. आजच जा, रविवारची वाट बघू नकोस. चिठ्ठ्या घेऊन जाऊ नकोस, तिच्या तोंडासमोर नाचवायच्या नाहीत त्या. आणि हे बघ, लेकरू किंवा ती धोक्यात आहे असं वाटलं तर नियम गेला खड्ड्यात. सरळ तोंड उघड, वाईट दिसलं तर दिसू दे."

चिगुसाने फुमीला पाळणाघरातून लवकर उचललं. बाईंनी विचारलं, बरं नाही का तिला? चिगुसा म्हणाली, तिला बरं आहे. बाहेर बर्फाळ पाऊस भुरभुरत होता. ट्राममधून नदी ओलांडताना फुमीने काचेवर बोटाने अस्वल काढलं, आणि चिगुसाने ते बाहीने पुसून टाकलं. फुमीचा ओठ थरथरला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

दार यासुए-साननी उघडलं. मिनोरीच्या सासूबाई, साठीच्या, टवटवीत, एप्रनला पीठ लागलेलं. चिगुसाने गोरोकुचे फासे परत द्यायला आल्याचं निमित्त सांगितलं. यासुए-साननी तिला आत ओढूनच घेतलं. खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलावरून सोडलेल्या दुलईत फुमीचे पाय गुंडाळले, संत्री ठेवली, चहा ओतला. सूनबाई छान आहे, म्हणाल्या, जरा थकते एवढंच, आजकालच्या मुली नाजूक. तोमा तर केवढा झालाय. कोपऱ्यात तोमा पोटावर झोपून एक लाकडी चमचा चघळत होता, गुबगुबीत, स्वच्छ. अंगावर नुकत्याच घातलेल्या आंघोळीचा वास होता. कुणी घातली असेल, हे चिगुसाच्या मनात आलं.

मिनोरी आली ती केस विंचरून, हसत. "सूत्रधारबाई स्वतः? गोरोकुला बर्फात पुरलंत की लांडग्याला दिलंत?" म्हणाली, आणि गुडघे धरून म्हाताऱ्यासारखी बसली. यासुए-सान हसल्या. चिगुसाने पाहिलं, मिनोरी मुलाकडे पाठ करून बसली होती आणि तिचे हात स्वेटरच्या बाह्यांत ओढलेले होते.

कशी आहेस विचारलं तर "मस्त" हे उत्तर सासूकडून आलं. जेवतेस ना विचारलं तर मिनोरी म्हणाली, "माझ्याकडे बघून कळत नाही का?" आणि गाल फुगवले. यासुए-सान उठण्याचं नाव घेईनात. चहा संपला की नवा ओतत. एकदा केंगोचं नाव निघालं तेव्हा दोघीही एकदमच संत्र्याबद्दल बोलू लागल्या. तेव्हा चिगुसाच्या लक्षात आलं की इथे कार्ड एकीच्याच हातात नाही.

फुमी पिशवीतला कागदांचा गठ्ठा काढून रेघोट्या मारत होती. चिगुसाने त्यातले चार कागद घेतले.

ती म्हणाली, "मिनोरी-सान, तुझी एक फेरी राहिलीय. खेळ सोडणाऱ्याची शेवटची चिठ्ठी लागते."

"असा नियम कधीपासून?"

"आत्तापासून. आणि खोलीतल्या सगळ्यांनी लिहायचं. यासुए-सान, तुम्हीसुद्धा."

"मी? मला बाई काय कळतंय त्यातलं."

"कळायला नको. सुचेल ते लिहा. वाचणार फक्त मी, आणि बोलणार कुणाशी नाही. काहीच नसलं तर आज काय खाल्लं ते लिहा."

चिगुसाने चमच्याने कपाच्या काठावर टिंग केलं. यासुए-साननी चष्मा लावला आणि शाळकरी मुलीसारखा हात आडवा धरून लिहायला लागल्या. मिनोरीने हिरवी पेन्सिल मागितली. फुमीच्या खडूंमधला हिरवा खडू तिला मिळाला. ती आधी कागदाकडे नुसती बघत राहिली. चिगुसाने स्वतःच्या कागदावर तीनदा "तांदूळ" लिहिलं, कारण तिचाही हात थांबायला नको होता.

मिनोरीच्या चिठ्ठीवर वर्तुळ नव्हतं. *भात शिजवला, खाल्ला नाही. तोमाला उचलत नाही, हातांवर भरवसा नाही. आज आंघोळ आईंनी घातली, मी पाठ दुखते म्हटलं. आईंना कळू देऊ नका, त्या मला चांगली समजतात.*

यासुए-सानची अक्षरं ठसठशीत होती. *सूनबाई तीन आठवडे रात्री झोपलेली नाही. जिन्यावर तिची पावलं ऐकू येतात. पाठ दुखत नाही तिची, मला माहीत आहे. मुलगा म्हणतो, तू लुडबूड करू नकोस, तिला आवडत नाही. मी सकाळी उठून पीठ मळते, दुसरं काय करू कळत नाही. तिला सांगू नका.*

दोन चिठ्ठ्या, आणि दोन्हींच्या शेवटी तेच. चिगुसाने त्या दुलईखाली मांडीवर धरून ठेवल्या. ती सांगू शकत नव्हती. सांगायचं नाही म्हणून तर दोघींनी लिहिलं होतं. पण सूत्रधाराला एक गोष्ट करता येते, आणि ती कुठल्याही कार्डावर लिहिलेली नसते.

तिने दोन नवे कागद घेतले आणि दोन्हींवर तेच शब्द लिहिले: *मी वाचलं, सगळं. तुमच्या कार्डाचा दुसरा तुकडा याच खोलीत आहे.* घड्या घातल्या, दोघींना दिल्या. मग ती उठली. "नियमाप्रमाणे सूत्रधार आता बाहेर जातो," म्हणाली, तोमाला उचललं, फुमीचा हात धरला आणि सरकतं दार लावून घेतलं.

बाहेरच्या गारठलेल्या पडवीत चपलांशेजारी ती बसली. तोमा तिच्या कोटाचं बटण चघळत होता. आतून काही ऐकू येईना. चिगुसाला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. दोघी आपापली चिठ्ठी चुरगाळून बसल्या असतील आणि आता या घरात आपण पुन्हा पाऊल टाकू शकणार नाही. ऐकायचं नाही असं ठरवूनही ती कान देत होती. मग यासुए-सानचा आवाज आला, हळू.

"पाठ दुखत नाही ना तुझी."

"नाही, आई."

मग मिनोरी बोलू लागली, आणि तो आवाज चिगुसाने कधी ऐकलेला नव्हता. गोरोकुचा नव्हता, त्यात एकही म्हण नव्हती. चिगुसाने फुमीला छत्र्या मोजायला लावल्या, मोठ्याने, म्हणजे आपल्याला शब्द कळू नयेत.

अर्ध्या तासाने यासुए-सान दारात आल्या. डोळे लाल, एप्रन तसाच. लेकरांकडे येणाऱ्या पालिकेच्या नर्सचा नंबर आहे का, विचारलं. चिगुसाला तो तोंडपाठ होता. फुमीच्या वेळी तिने त्यांना इतके फोन केले होते की त्या आवाजावरून ओळखायच्या. नर्सबाई त्याच संध्याकाळी आल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, आणि केंगो रात्रीच्या गाडीने पोहोचला. त्याला फोन यासुए-साननी केला. लुडबूड, त्या म्हणाल्या, आता मी करणारच आहे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. निघताना मिनोरी चपलांपर्यंत आली होती. चिगुसाने माफी मागायला तोंड उघडलं, इतके महिने वाचलं नाही म्हणून.

"तुम्ही वाचत नव्हता म्हणून तर लिहीत होते," मिनोरी म्हणाली. "ते अस्वल बघितलं की बरं वाटायचं. कुणीतरी पाहिलं, आणि कुणालाच कळलं नाही."

चिगुसाने वाकून फुमीच्या पायांत बूट घातले. मिनोरीने पुढे तीन महिने तिच्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. यासुए-सान मात्र मधूनमधून चार शब्द पाठवत: गोळ्या चालू आहेत, काल पाच तास झोपली, आज तोमाला तिने आंघोळ घातली, मी दाराबाहेर उभी होते. फेब्रुवारीचा खेळ झालाच नाही. ओदागिरी म्हणाले, गोरोकु माझ्याने व्हायचा नाही, बर्फ वितळू दे.

मेच्या दुसऱ्या रविवारी चिगुसा जिना चढून वर आली तेव्हा मिनोरी टेबलाशी बसलेली होती. थोडी जाड झाली होती, औषधाने, म्हणाली. विनोद कमी केले. तास झाल्यावर मोबाइल घेऊन जिन्यात गेली, तोमाचं विचारून आली. गोरोकुने त्या दिवशी सरायवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं, तुमच्या झोपेच्या पुड्या का संपल्या हो, आणि शिराकावा ओरडली की हे एवढं सोपं होतं तर आम्ही ऑगस्टपासून काय करत होतो.

घंटा वाजली. मिनोरीची चिठ्ठी पोकळ होती. *सकाळी भाताचे दोन मुटके. एक मी, एक आई. माझा पूर्ण. झोप साडेपाच.* चिगुसाने शिक्का घरीच ठेवला होता. तिने लिहिलं, मुटक्यात आत काय होतं? आणि उरलेले तिघं ताटकळत बसलेले असताना तिने ओदागिरींच्या चिठ्ठीखाली त्यांच्या बॉसलाही दोन ओळी शिव्या वाहिल्या. त्या दिवशी खेळ सहापर्यंत चालला. आता दर वेळी सहापर्यंतच चालतो.

एवढं वाचून झालं असेल तर एक काम करा. तुमच्यातही कुणीतरी आहे, सगळ्यांना हसवणारी, विचारलं की मस्त म्हणणारी. फोनवर नको, फोनवर ती गोरोकु होईल. आज किंवा उद्या तिच्या दारी जा, सकाळी काय खाल्लंस विचारा, आणि ती "काही नाही" म्हणाली तर तिथेच जरा बसा.